स्पोर्ट्स कारवाल्यांची फेरी : इंदूर, महेश्वर, जाम घाट (कोण कोण येतंय?)

रामबागकर | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नुसतं 'जाऊ या, जाऊ या' चाललंय आणि त्यातले निम्मे मेसेज सुप्रभातचे. म्हणून इथे धागा काढला. इथे ठरलं ते ठरलं, नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' ऐकून घेणार नाही.

बेत असा. त्रिपुरी पौर्णिमा झाली की पुढचा शनिवार-रविवार. पौर्णिमेला महेश्वरच्या घाटावर आंघोळीला उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना तारीख पुढे का ढकलली ते सांगायला नको. शनिवारी दुपारी इंदूरहून निघायचं, एबी (आग्रा-मुंबई) रोडने मानपूर, गुजरी, धामनोद, तिथून डावीकडे महेश्वर. रात्री मुक्काम. रविवारी उजाडायच्या आत निघून मंडलेश्वरवरून जाम घाट चढायचा आणि महूमार्गे परत. पोहे-जिलबीच्या वेळेला घरी.

आतापर्यंत पक्के: माझी मस्टँग, डॉक्टरांची ७१८ बॉक्स्टर, वहिनींची झेड-फोर, भाच्याची ऑक्टाव्हिया आरएस. अजून दोनेक गाड्या चालतील, त्याहून जास्त नकोत. वरात काढायची नाहीये.

नियम एकच. सगळ्यांत बुटकी गाडी ज्याची, रस्त्याबद्दल शेवटचा शब्द त्याचा. उंच गाडीवाल्याने 'अरे निघेल रे' म्हणायचं नाही. निघते ती त्याची, घासते ती दुसऱ्याची.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.०५

एक शंका. जाम घाट चढायचाच हट्ट का? शनिवारी पहाटे महूकडून घाट उतरा, महेश्वरला नाश्ता, दुपारी एबी रोडने परत. मुक्कामाचा खर्च वाचला आणि घरची परवानगीही एकाच दिवसाची लागेल.

रामबागकर | सोमवार, रात्री ११.३२

उतरताना गाडी चालवायची कुठे असते, नुसती थोपवायची असते. चढावर इंजिनावर भार असतो, गाडी मागच्या चाकांवर बसते, वळणातून बाहेर पडताना जरा पाय दिला की पुढचं तिचं ती बघते. ही गंमत ताशी चाळीसलाही मिळते, म्हणून तर घाट. उतारावर तीच वळणं ब्रेकवर काढायची. गाडी दीड टनाच्या वर, डिस्क तापलेल्या, आणि ब्रेक ऑइल दोन-दोन वर्षं बदललेलं नसेल तर त्यात हवेतला ओलावा मुरलेला असतो, ते लवकर उकळतं. पेडल मऊ लागायला लागलं की घाम फुटतो.

दुसरं म्हणजे रविवारी नऊनंतर जाम गेटला (घाटमाथ्यावरचं जुनं दगडी दार) जाऊन बघा. भुट्टेवाले, सेल्फीवाले, रस्त्याच्या मधोमध लावलेल्या बाईक. घाट रिकामा हवा तर पहाट हवी, आणि पहाटे खालून वर यायचं तर रात्री खालीच झोपायला हवं. मुक्काम हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

टीजेट | मंगळवार, सकाळी ८.१०

माझ्याकडे अबार्थ पुंटो आहे. १.४ लिटर टी-जेट, १४५ अश्वशक्ती. चालेल का? की दोनच दारं आणि उघडं छत असल्याशिवाय प्रवेश नाही?

पुणेकर_उगाच | मंगळवार, सकाळी ९.२५

१४५ चालत असतील तर माझी स्विफ्टही धरा, मागे स्पॉयलर लावलाय. हलके घ्या.

जुनी_गाडी | मंगळवार, दुपारी १.४५

पुणेकर, मी माझी सॅन स्टॉर्म आणतोय. गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन, ६० अश्वशक्ती. तुमच्या स्विफ्टहूनही कमी. तरी पंपावर उभी केली की पोरं मस्टँग सोडून तिच्याभोवती जमतात आणि 'काका, ही कुठली?' विचारतात. बसायला दोन जागा, डोक्यावर कापड, आणि चालवणाऱ्याला उतरावंसं न वाटणं, माझ्या लेखी एवढ्यात स्पोर्ट्स कार झाली. टीजेट, तू बिनधास्त ये.

आणि इंदूरला ही हौस नवी नाही बरं का. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे घेतली होती. चासी अमेरिकेतली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली, दोघांची स्पीडस्टर. ६.९ लिटरचं सुपरचार्ज्ड आठ सिलिंडरचं इंजिन आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. तेव्हा! याच माणसाने जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग बांधून घेतला, जिथे पुढे केंद्रीय उत्पादन शुल्काचं ऑफिस आलं. माणिकबागच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरात सरकताना मला ती गाडी हटकून आठवते.

पुणेकर_उगाच | मंगळवार, दुपारी २.०२

काका, स्विफ्ट मागे घेतो. वाचतोय.

निमाडी | मंगळवार, रात्री ९.१५

मी महेश्वरला राहतो, म्हणून दोन शब्द. कुणाला कडू लागले तर लागू देत.

गेल्या हिवाळ्यात असाच एक जथा आला होता (तुमचा नव्हे). रात्री साडेदहाला बाजारातून सायलेन्सरचे फटाके फोडत गेला. आमच्या गल्ल्यांत समोरून एक रिक्षा आली की दुसरीने मागे जायचं असतं, त्यात दोन मीटर रुंदीच्या गाड्या. किल्ल्याच्या चढावर गाडी आणूच नका. खाली लावा आणि चाला, पाय मोडत नाहीत.

आणि मुख्य मुद्दा. देवउठनी एकादशीपासून नर्मदेचे परिक्रमावासी पायी निघालेले असतात. मंडलेश्वरचा रस्ता, पहाटे चार-साडेचार, कडेने एकेकटे किंवा दोघे-तिघे. पांढरे कपडे असले तरी वरून शाल घेतलेली असते, हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसतात. त्यातले कितीतरी तुमच्या पुण्या-नाशकाकडचेच असतात. रिकामा घाट हवा म्हणून पहाट निवडलीत, पण घाटाआधीचा रस्ता पहाटे रिकामा नसतो.

क्लचवहिनी | मंगळवार, रात्री १०.२०

निमाडीदादा, कडू काही नाही. माझी मावससासू परिक्रमा करून आली आहे. तिला सगळ्यांत भीती वाटायची ती बिबट्याची नाही, मागून येणाऱ्या गाड्यांची. महेश्वर ते मंडलेश्वर ताशी चाळीसच्या वर कुणीही जायचं नाही, आठ-दहा किलोमीटरचाच प्रश्न आहे. समोर माणूस दिसला की डिपर, हॉर्न नाही. रामबागकर, हे बेतात घाला. विनंती करत नाहीये.

आता ताफ्याचं बोलते, कारण मांडूच्या फेरीत जे झालं ते मला परत नकोय. त्या वेळी प्रत्येक जण पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून होता आणि पुढच्याने ट्रक मागे टाकला की मागचे सगळे आगगाडीसारखे निघत होते. पुढच्याला रस्ता दिसला म्हणजे मागच्याला दिसला असं होत नाही. ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा, नाही जमला तर मागे राहायचं, पुढचे थांबतील. थांबतील कसे, तर प्रत्येकाने पुढच्याची नाही, मागच्याची काळजी करायची. आरशातून मागची गाडी गेली की वेग कमी करा, वळण किंवा फाटा आला तर ती दिसेपर्यंत हलू नका. एवढं पाळलं तर फोनवर 'कुठे आहेस, कुठे आहेस' करावं लागत नाही.

धावत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून मिरवायचं नाही. कोण कुठे वळतोय तेच कळत नाही.

जुनी_गाडी काका पायलटच्या लगेच मागे. सगळ्यांत हळू गाडी शेवटी ठेवली की ती कायम मागे पडते आणि तिचा चालक गाठण्यासाठी नको तेवढी पळवतो. शेवटची गाडी भाच्याची. पंप, दोरी, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे, कारण डिकी फक्त त्याच्याच गाडीला आहे. आपल्या डिक्यांत दोन टूथब्रश मावतात.

भाचा_आरएस | मंगळवार, रात्री १०.५५

म्हणजे मी हमाल. मान्य.

वॉकी-टॉकी आणू का? माझ्याकडे सहा आहेत, ४४६ मेगाहर्ट्झवाले, ज्यांना परवाना लागत नाही. जाम घाटात मोबाइलच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

पेट्रोलचं पण बघा. शंभर ऑक्टेनचं हवं असेल त्यांनी इंदूरलाच टाकी भरून निघा. एक्सपी १००मध्ये (इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनवालं) इथेनॉल नसतं म्हणून जुन्या आयात गाडीवाले तेच शोधत फिरतात. वाटेत साधं भरावं लागलं तर घाबरू नका. आजच्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो, तो ठिणगीची वेळ मागे घेतो. ताकद थोडी उतरते, इंजिनाला काही होत नाही. फक्त त्या टाकीवर पाय हलका ठेवा.

टीजेट | बुधवार, सकाळी ७.५०

नियम झाले, पेट्रोल झालं. वेगाचं काय? मानपूरच्या अलीकडे एबी रोड चांगला मोकळा असतो. एकदा तरी १८०चा काटा बघायचा आहे हो. नाहीतर मग एवढ्या गाड्या घेऊन करायचं काय, महेश्वरी साड्या आणायच्या?

वकीलसाहेब | बुधवार, सकाळी ११.३०

टीजेट, चौपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किमी. पाटीवर कमी लिहिलं असेल तर ती पाटी खरी. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचून ठेव. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर एक वर्षापर्यंत आणि दहा हजार.

त्याहून महाग पडेल ते विम्याचं. तुझ्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो, जो कुणीच वाचत नाही. त्यात आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सरळ वगळलेलं असतं. उद्या काही झालं आणि सर्व्हेअरच्या हातात हा धागा पडला, त्यात 'एकदा १८० बघायचाय' आणि खाली तुझं नाव, तर पुढचं मी काय सांगू? प्रतिसाद संपादित करून टाक बाबा.

रामबागकर | बुधवार, दुपारी १२.१५

संपादित करू नकोस, राहू दे. वकीलसाहेबांचं उत्तर लोकांनी वाचायला हवं.

टीजेट, वेग बघायचाय ना? आपल्या दाराशी पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, आशियातला सगळ्यांत लांब, जून २०२१मध्ये सुरू झाला. चार लेन, सोळा मीटर रुंद. वळणं अशी कललेली आहेत की ताशी २५०ला स्टिअरिंग धरून ठेवायला जोर लावावा लागत नाही. ट्रॅक गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, सहज गेलो आणि फेरी मारून आलो असं चालत नाही. पण गाड्यांचे लाँच, सुपरकारचे कार्यक्रम यांनाही तो देता येतो, असं उद्घाटनाच्या वेळीच सांगितलं होतं. आपण दहा-बारा जण जमलो तर रीतसर अर्ज करून बघू. जगातल्या कार कंपन्या ज्या ट्रॅकवर गाड्या तपासून घेतात तो घरापासून तासाच्या आत असताना मानपूरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये १८० कशाला बघायचा? त्या ट्रॉलीला मागे दिवासुद्धा नसतो रे.

बडोदेकर | बुधवार, दुपारी ३.४०

इंदूरकर नशीबवान! आमच्याकडे सरळसोट एक्स्प्रेस-वे आहेत, वळण औषधालाही नाही. घाट म्हणून पावागडाकडे तोंड करून बसायचं. मात्र २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर विंटेज गाड्यांचं कॉन्कूर (देखणेपणाची स्पर्धा) झालं, तेव्हा संस्थानिकांच्या गाड्या डोळे भरून पाहिल्या. जुनी_गाडी काका, तुम्ही हवे होतात.

फेरीला येऊ शकत नाही, वृत्तांत टाका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, आत्तापासूनच.

बुटकी_बॉक्स्टर | बुधवार, रात्री ९.३०

ओपीडी संपली, आता लिहितो. सगळ्यांत बुटका मीच, त्यामुळे शेवटचा शब्द माझा, असं रामबागकरांनी जाहीर केलंच आहे.

मंडलेश्वरच्या रस्त्याला गावागावांत लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक आहेत. सिमेंटचा उंचवटा, ना पट्टे ना पाटी. त्याला तिरपं चढायचं, एका वेळी एक चाक, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रस्ता अरुंद असला की तिरपं होणार कुठे? त्यावर माझा इलाज: महूच्या एका सुताराकडून सागवानी फळ्यांची जोडी करून घेतलीय. हातभर लांब, तीन बोटं जाड, दोन्ही टोकांना उतार तासलेला, आणि खालून सायकलची जुनी ट्यूब ठोकलेली म्हणजे सिमेंटवरून सरकत नाहीत. गतिरोधकाच्या अलीकडे एक जोडी, चाक वर आलं की नाक आपसूक उचललं जातं. पुढच्या डिकीत त्या आडव्या बसतात. बायको म्हणते सामानाला जागा नाही आणि पाट घेऊन फिरतोस.

उतरून फळ्या लावायला मिनिटभर लागतं. तेवढं मागच्यांनी हॉर्न न वाजवता थांबायचं. माझी एवढीच अट.

आणि टायरची हवा घरून, गाडी थंड असताना बघून निघा. दुपारी निमाडात उतरल्यावर मोजाल तर आकडा चढलेला दिसेल आणि तुम्ही हवा काढून टाकाल. तापमान दहा अंश वाढलं की जवळजवळ दोन पीएसआयचा फरक पडतो.

शंकासुर | बुधवार, रात्री १०.१०

अजून एक शंका. घाटात सॅन स्टॉर्म पायलटच्या मागे असेल तर मागच्या सगळ्यांनी साठ अश्वशक्तीच्या वेगाने चढायचं? मग काकांच्या नावाने खडे फोडू नका.

क्लचवहिनी | बुधवार, रात्री १०.४५

घाटाच्या पायथ्याशी क्रम उलटा. जोराच्या गाड्या आधी, काका शेवटी भाच्याबरोबर, आणि दोन गाड्यांत दोन-दोन मिनिटांचं अंतर. म्हणजे कुणाच्या मागे कुणी नाही, कुणाच्या पुढे कुणी नाही, ज्याने त्याने आपल्या जिवाला झेपेल तसं चढावं. आपल्यातल्याला ओव्हरटेक नाही. वर गेटपाशी भेटायचं.

वकीलसाहेब | बुधवार, रात्री ११.००

अंतर ठेवा, पण घड्याळ लावू नका. वर पोहोचून 'तुला किती लागली' सुरू झालं की ती वेगाची चाचणी.

रामबागकर | बुधवार, रात्री ११.०८

मंजूर. वर पोहोचून वेळ विचारणाऱ्याने सगळ्यांना कचोऱ्या खिलवायच्या.

.

रामबागकर | सोमवार, रात्री ९.००

वृत्तांत. फोटो भाचा टाकेल.

शनिवारी दुपारी राऊला जमलो. एबी रोडबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रक आणि टोल. टोलनाक्यावर डॉक्टरांच्या गाडीत वाकून बघताना तिथल्या पोराची टोपी आत पडली, तेवढंच.

धामनोदच्या अलीकडे वहिनींच्या गाडीने मागच्या डाव्या टायरची हवा कमी झाल्याचं दाखवलं. खिळा. त्यांच्या झेड-फोरला स्टेपनी नाही, रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी कडक बाजूंवर गाडी तोलून धरतात, साधारण ऐंशी किलोमीटर, ताशी ऐंशीच्या आत. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला गोल करून चर्चा करत होतो, तोवर वहिनींनी खिळा बघितला, भाच्याच्या पंपाने हवा भरली आणि 'चला' म्हणाल्या. महेश्वरच्या पंक्चरवाल्याने टायर न उतरवता बाहेरूनच रबराची दोरी सारून छिद्र बंद केलं. इंदूरला आल्यावर त्या आतून पक्कं करून घेणार आहेत.

गाड्या गावाबाहेरच लावल्या, घाटापर्यंत चालत गेलो. निमाडी, नोंद घ्यावी.

पहाटे पावणेपाचला निघालो. खरं सांगायचं तर मला त्या आठ-दहा किलोमीटरचा कंटाळाच आला होता आधीपासून. मस्टँग चाळीसने चालवणं म्हणजे तिला आणि मला दोघांनाही शिक्षा. पण वहिनी पायलट होत्या आणि त्या काट्याच्या पुढे एक रेघ जाईनात. मंडलेश्वरच्या अलीकडे त्यांचे ब्रेकलाइट लागले, रेडिओवर आवाज आला, 'डावीकडे चौघे, दिवे खाली करा.' तीन बायका, एक म्हातारे बाबा. बाबांनी थांबून काठी वर केली आणि 'नर्मदे हर'. प्रत्येक गाडी जवळून जाताना आतून 'नर्मदे हर' म्हणत होती, कारण छत उघडं टाकून थंडीत कुडकुडत चाललेले तिघे होतेच. बाबांनी सॅन स्टॉर्मकडे बघून विचारलं, 'एवढीशी गाडी, कुठून आलात?' काका म्हणाले, 'इंदूर.' बाबा म्हणाले, 'मी सांगलीचा, चालत आलो.'

मंडलेश्वरच्या पुढे शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला. कडेला दगड लावलेले, त्याच्यावर कुणी चाक घालू नये म्हणून. उरलेल्या अर्ध्यातून एकेक करून काढल्या. पुढच्या गावात डॉक्टरांच्या फळ्या निघाल्या. गतिरोधकाशी गाडी थांबली, बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस उतरला, पुढची डिकी उघडून पाट मांडले. शेकोटीपाशी बसलेली मंडळी उठून आली. एक जण म्हणाला, 'साहेब, हा आम्हीच घातलाय, पुढच्या वेळी जरा कमी करू.' मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.

आणि घाट. दोन-दोन मिनिटांनी सोडलं. दुसऱ्या गिअरमध्ये, तिसरा कधीमधी. पहिली काही वळणं अजून अंधारात होती, खाली निमाडात एकेक दिवा. वर येता येता उजवीकडचं आभाळ उजळलं आणि खालचं सगळं धुक्यात गेलेलं दिसलं. एका आंधळ्या वळणावर दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल अगदी मधून उतरत आली. चाळीसला होतो म्हणून दोघांनाही काही वाटलं नाही. साठला असतो तर हा वृत्तांत वेगळ्या सुरात असता. माळव्याचं पठार जिथे संपतं तिथे अगदी काठावर अहिल्याबाईंचं १७९१चं ते दगडी दार, आणि दारापाशी आमच्याशिवाय एक कुत्रं. सूर्य यायला अजून वेळ होता.

शेवटून काका आले. चढभर छत उघडं, कानटोपी, मफलर. उतरले आणि म्हणाले, 'पूर्ण पाय दाबून चढवली. तुमच्यापैकी कुणी पूर्ण दाबला?' कुणी दाबला नव्हता. दाबूच शकत नाही, मस्टँगचा पाय पूर्ण दाबला तर पुढचं वळण लगेच अंगावर येतं. पाच लिटरचं इंजिन घाटात पाव वापरलं जातं, काकांचं सगळंच्या सगळं. हे मला थोडं झोंबलं आहे.

टीजेटने वर आल्या आल्या 'मला किती लागली माहितेय' म्हटलं. कचोऱ्या महूला वसूल केल्या.

बुटकी_बॉक्स्टर | सोमवार, रात्री ९.४०

टोपी परत केली, हे लिहायचं राहिलं.

टीजेट | सोमवार, रात्री ९.५२

'किती पेट्रोल लागलं' म्हणत होतो! कुणी ऐकूनच घेतलं नाही.

क्लचवहिनी | सोमवार, रात्री १०.१५

हो का. :)

नॅट्रॅक्सच्या अर्जासाठी कुणाकुणाची नावं घालायची ते मला व्यक्तिगत निरोपाने कळवा. गाडीचं वर्ष, टायरचं वर्ष (टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे, आठवडा आणि साल) आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, एवढं हवंय. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, मी नाव घालणार नाही. काका, तुम्हालाही लागू.

जुनी_गाडी | मंगळवार, सकाळी ६.३०

माझे टायर नवीन आहेत हो. गाडीत तेवढंच नवीन आहे.

निमाडी | मंगळवार, सकाळी ८.४५

वृत्तांत वाचला. गाड्या बाहेर लावल्या, परिक्रमावासींना सांभाळून गेलात, दोन्हीबद्दल आभार. पण रविवारी पहाटे पावणेपाचला अख्खी आळी जागी झाली ती कुठल्या गाडीने? आमच्या आईला वाटलं बोअर मारायला मशीन आलं.

रामबागकर | मंगळवार, सकाळी ९.३०

ती माझीच. थंड इंजिन सुरू केलं की पहिलं अर्धं-एक मिनिट ते जास्त फेऱ्यांवर फिरतं, एक्झॉस्टमधला कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. त्याला पायाने आवरता येत नाही. नव्या मस्टँगमध्ये शांत सुरू करायची सोय आहे, माझ्या मॉडेलमध्ये नाही. पुढच्या वेळी आदल्या रात्री धामनोद रस्त्यावरच्या पंपापाशी लावून ठेवीन आणि सकाळी तिथपर्यंत चालत जाईन. आईंना सांगा.

निमाडी | मंगळवार, सकाळी ९.४१

पंप आमच्या घरासमोर आहे.